यांना शांती मिळाली, मला नाही

इंदूरहून आलेल्या पत्राचा सारांश असा. पत्र लिहिणाऱ्या भगिनी ४४ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. आजेसासरे नगरकडून इकडे आले, तेव्हापासून घर इंदूरचंच. चर्चमधली उपासना हिंदीत, घरातली संध्याकाळची प्रार्थना अजून मराठीत. धाकट्या दिरांचा केटरिंगचा धंदा आहे. तो वाढवायला त्यांना २० लाखांचं कर्ज हवं आहे आणि बँक तारण मागते आहे. दीर भाड्याच्या घरात राहतात, म्हणून थोरल्या भावानं आपल्या घराची रजिस्ट्री बँकेत ठेवावी असं ठरू घातलं आहे. घर नवराबायको दोघांच्या नावावर आहे, त्यात भगिनींच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे गेले आहेत, त्यामुळे त्यांचीही सही लागणार. पती म्हणतात, ‘मी प्रार्थना केली, मला पूर्ण शांती आहे.’ प्रार्थनासभेतल्या एका भावांनाही त्यांच्यासाठी उघड्या दाराचं दर्शन झालं. भगिनींना मात्र रात्री दोनला जाग येते ती येतेच. चार वर्षांपूर्वी दिरांना दिलेल्या ३ लाखांपैकी दीड लाखच परत आले, पण प्रीती अपकार मनात ठेवत नाही म्हणून तो विषय त्या काढत नाहीत. डोळे मिटून शास्त्र उघडलं, तर एकदा मागणाऱ्याला दे असं वचन आलं आणि दुसऱ्या दिवशी जामीन राहू नको असं. बँकेला कागद महिनाअखेर हवे आहेत. त्या विचारतात, ‘माझा विश्वास कमी पडतोय का? पतीच्या अधीन असावं म्हणतात, मग सही न करणं हे पाप ठरेल का? प्रभू यांच्याशी एक आणि माझ्याशी दुसरं कसं बोलेल?’

प्रिय भगिनी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री दोनला तुम्हाला तोच जागं करतो आहे. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. मन अस्वस्थ म्हणजे विश्वास उणा, ही समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये कधीतरी शिरली आणि घट्ट बसली. गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं प्रभू आपल्या तिघा शिष्यांना सांगतो, आणि पुढे जाऊन तेच मागणं तीनदा मागतो. पित्याच्या इच्छेला त्या रात्री त्यानं जितकं स्वतःला वाहून दिलं तितकं कुणीच कधी दिलं नसेल, आणि तरी त्याच्या जिवाला चैन नव्हती. तेव्हा चैन नसणं हा अविश्वासाचा पुरावा धरता येत नाही. ते कशाचं लक्षण आहे हे मात्र तुम्हाला शोधावं लागेल, आणि ते शोधताना स्वतःलाही सूट देऊन चालणार नाही. त्याकडे मी येतेच.

तुमच्या यजमानांच्या शांतीबद्दल आधी. ते मनापासून प्रार्थना करणारे गृहस्थ आहेत हे तुमच्या पत्रातून दिसतं. त्यांच्याविषयी एकही कडू शब्द तुम्ही लिहिलेला नाही. त्यांना मनात जे जाणवलं ते त्यांनी बनवून सांगितलेलं नाही, हे मी धरून चालते. पण जाणवलेल्या गोष्टीला नाव देताना आपण चुकतो. मी चुकले आहे. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझं थोरल्या बहिणीशी बिनसलं होतं. तिच्या मुलीच्या लग्नाला जावं की नाही यासाठी मी दोन आठवडे प्रार्थना केली. जायचं नाही असं मनाशी ठरलं, त्या सकाळी इतकं हलकं वाटलं की ते मी प्रभूचं उत्तरच मानलं. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या आत्याबाई होत्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘शांती मिळाली म्हणतेस, मग बहिणीचं नाव घेताना तुझा आवाज का चढतो गं?’ मला राग आला. मी लग्नाला गेले नाही. बहीण आता या जगात नाही. त्या सकाळी मला मिळाली होती ती सुटका, एक अवघड गोष्ट टळल्याची. सुटका आणि शांती छातीत एकाच जागी जाणवतात, म्हणून फसायला होतं.

तुमच्या यजमानांना जे मिळालं ते काय आहे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. थोरल्या भावावर धाकट्याची जबाबदारी असते, आईवडील गेल्यावर तर ती दुप्पट होते. ‘हो’ म्हटल्याबरोबर ते ओझं उतरलं असेल. किंवा खरोखरच प्रभूनं त्यांच्या मनात भावाविषयी उदारपणा घातला असेल. तसं असेल तर ती मोठी गोष्ट आहे आणि तिचा मान राखायला हवा. पण भावाला मदत करावी असं वाटणं आणि मदत याच कागदावरच्या सहीनं व्हावी असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर शांती मिळाली की आपण दुसरीवरही तोच शिक्का मारून टाकतो.

आणि ‘मला शांती आहे’ हे आपण ज्या वचनाच्या आधारानं म्हणतो ते एकदा पूर्ण वाचू या. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणांत राज्य करो. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते खेळातल्या पंचाच्या कामाचं, निवाडा करण्याचं आहे. पण वाक्य तिथे संपत नाही. याच शांतीसाठी तुम्हाला एक शरीर म्हणून बोलावलं आहे, असं पुढे लगेच येतं. मागची वचनं पाहा: एकमेकांचं सोसा, एकमेकांना क्षमा करा, प्रीती परिधान करा. सगळं बोलणं माणसांनी एकत्र कसं राहावं याचं चाललं आहे. तेव्हा ही शांती एकाच्या मनात उतरली आणि शेजारी झोपलेल्या माणसाची झोप गेली, तर पंचानं निकाल दिला असं कसं म्हणायचं? त्यानं अजून एकच बाजू ऐकली आहे.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक छोटं वचन आहे: सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. तिथे जो ग्रीक शब्द आहे तो धातू आणि नाणी तपासण्यासाठी वापरला जाई. तुम्ही इंदूरच्या, म्हणजे सराफा तुम्हाला सांगायला नको. आपण तिथे रात्री भुट्ट्याचा कीस खायला जातो, पण दिवसा त्याच ओट्यांमागच्या दुकानांत सोन्याची पारख चालते. जुनी तऱ्हा आठवते? सराफ दागिना किती चमकतो हे पाहत नाही. काळ्या कसोटीवर घासून एक रेघ ओढतो, शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ ओढतो, वर तेजाबाचा थेंब सोडतो आणि कुठली रेघ टिकते ते बघतो. एवढं होईपर्यंत गिऱ्हाईक थांबतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दागिना कसोटीला लावला म्हणून आणणाऱ्यावर खोटेपणाचा आळ घेतला असं कुणीच समजत नाही. आपल्या घरांत आणि प्रार्थनासभांत नेमकं हेच होत नाही. कुणी ‘प्रभूनं मला सांगितलं’ म्हटलं की पुढे प्रश्न विचारणं म्हणजे त्या माणसाचा, किंबहुना प्रभूचाच, अपमान समजला जातो. पारख करा ही आज्ञा ज्या मंडळीला लिहिली ती प्रार्थना करणाऱ्यांचीच मंडळी होती.

तर तुमच्या घरातल्या चार गोष्टी आपण या दगडावर घासून पाहू.

पहिलं, ते उघडं दार. प्रेषितांच्या कृत्यांत, सोळाव्या अध्यायात, पौलाला रात्री दर्शन होतं. मासेदोनियातला एक माणूस उभा राहून विनवतो की इकडे येऊन आम्हाला मदत कर. दर्शन एकट्या पौलाला झालं, पण पुढचं वाक्य ‘आम्ही’ असं येतं; आम्ही यावरून असं अनुमान काढलं की देवानं आम्हाला बोलावलं आहे. दर्शन एकाचं, त्यातून काय समजायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्याच पुस्तकाचा एकविसावा अध्याय तर मला फार मोलाचा वाटतो. सोर गावचे शिष्य आत्म्याच्या प्रेरणेनं पौलाला सांगतात की यरुशलेमला पाऊल टाकू नको. पुढे अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरबंदानं स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो. तिथे काय होणार हे त्यांना बरोबर दिसलं होतं. म्हणून जाऊ नये, हे त्यांनी स्वतः जोडलं. पौलही आत्म्यानं बांधलेला, आणि तो जातोच. म्हणजे प्रामाणिक, प्रार्थनाशील माणसांनाही दिसतं ते खरं आणि त्यावरून काढलेला अर्थ वेगवेगळा, असं होऊ शकतं. तुमचा तिसरा प्रश्न होता, प्रभू दोघांशी वेगळं कसं बोलेल? कदाचित तो वेगळं बोलत नसेल. यजमानांना भावाची गरज दिसते आहे, तुम्हाला धोका दिसतो आहे, आणि दोन्ही खरं आहे. सभेतल्या त्या भावांना दार दिसलं. ते बँकेचं होतं हे कुणी सांगितलं? त्यांना आदरानं विचारा की त्यांना कर्जाविषयी आधी ठाऊक होतं का. संदेश देणाऱ्यांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी, असं पौलानं करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं आहे. ते चांगले गृहस्थ असतील तर विचारल्याचं त्यांना वाईट वाटणार नाही.

दुसरं, डोळे मिटून उघडलेलं शास्त्र. असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. लग्न, नोकरी, मुलाचं कॉलेज, प्रत्येक वळणावर लोक हे करतात आणि मग दोन विरुद्ध वचनं आली की घाबरून मला लिहितात. वचनांना आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारातली आजची आकडेवारी १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या एका मुद्रकानं छापली, वाचकांना जागा सापडावी म्हणून. पत्रं लिहिली गेली ती पत्रासारखी सलग वाचण्यासाठी. तुमच्या प्रश्नावर शास्त्र मुकं नाही, पण ते सलग वाचावं लागेल. नीतिसूत्रांत जामीनकीविषयी निदान चार ठिकाणी इशारा आहे. बाविसाव्या अध्यायात तर अगदी घरगुती भाषेत विचारलं आहे की फेडायला तुझ्याजवळ काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण का ओढून नेऊ द्यावंस? दुसऱ्या बाजूला याकोबाचा मुलगा यहूदा आपल्या धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाजवळ जामीन राहतो. आणि पौल पळून आलेल्या अनेसिमाला परत धाडताना त्याचा धनी फिलेमोन याला लिहितो की याचं काही देणं असेल तर ते माझ्या खाती मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन.

हे सगळं शेजारी ठेवून वाचलं की मला एक गोष्ट दिसते. यहूदानं स्वतःला गहाण ठेवलं. पौलानं स्वतःच्या खात्यावर मांडायला सांगितलं. दोघांनीही जे पणाला लावलं ते त्यांचं स्वतःचं होतं. तुमच्या यजमानांच्या प्रस्तावात जे पणाला लागतं आहे त्यात तुमच्या वीसेक वर्षांच्या पगारातून कापलेला निधी आहे आणि मुलांचं छप्पर आहे. जे आपलं ते देऊन टाकणं हा उदारपणा. दुसऱ्याचंही त्यात जात असेल, तर आधी त्याला विचारावं लागतं, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक असावी लागते. ‘नाही’ म्हटलं की विश्वासात कमी, असं वातावरण असेल तर ते विचारणं नव्हे.

तिसरं, कागद. याला मी प्रार्थनेच्या बाहेरचा विषय मानत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही, हे प्रभूचेच शब्द आहेत, लूकाच्या चौदाव्या अध्यायातले. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेनं आधी तुमच्या दिरांचं सगळं विकून पाहावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं तिच्यावर बंधन नाही. घर तारण असेल तर २००२ चा सरफेसी कायदा लागू होतो. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं बुडीत वर्गात जातं, मग ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावताही बँक तारणाचा ताबा घ्यायला पुढे सरकू शकते. जामीनकीची नोंद तुमच्या पतीच्या पतअहवालातही दिसते, म्हणजे उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलात तर ती समोर येईल. हे वाचून घाबरून जावं असं मला वाटत नाही. केटरिंगवाल्यांचे धंदे इंदुरात चांगले चालतात, दिरांचाही चालेल. पण यजमानांना शांती मिळाली तेव्हा यातलं किती त्यांच्यासमोर होतं? समोर नसेल, तर ती शांती कशाविषयी होती हे त्यांनाच पुन्हा प्रभूजवळ विचारू द्या. सगळी माहिती घेतल्यावरही ती टिकली, तर तिचं वजन माझ्याही लेखी वाढेल.

आता चौथं, तुमची अस्वस्थता. ती तुम्हाला आतून माहीत आहे म्हणून खरी, असं समजू नका. तिलाही तोच दगड. एक प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर वहीत लिहा: दिरांनी उरलेले दीड लाख उद्या सकाळी आणून दिले, तर मला झोप लागेल का? लागत असेल, तर तुमचा आक्षेप व्यवहाराला आहे, आणि तो उघड बोलता येतो. तरीही लागणार नसेल, तर आत दुसरं काही आहे. कदाचित धाकट्याला नेहमी झुकतं माप मिळालं असेल. कदाचित आजवरच्या मोठ्या निर्णयांत तुम्हाला फक्त सही करायलाच बोलावलं असेल. ते दुखणं खरं असू शकतं, पण त्याचा राग या २० लाखांवर काढला तर तुमची ‘नाही’ही चुकीच्या जागेवरून येईल. माझा आवाज चढला होता तसा तुमचा चढतो का, ते पाहा.

आणि त्या दीड लाखांबद्दल तुम्ही गप्प राहू नका. प्रीती अपकार मनात ठेवत नाही, हे वचन तुम्ही फार प्रामाणिकपणे पाळलं आहे, पण चुकीच्या ठिकाणी लावलं आहे. चार वर्षांत अर्धे पैसे आले, ही नुसती माहिती आहे. त्यात अजून अपकार काही नाही. दिरांना खरंच जमलं नसेल, लॉकडाऊनमध्ये बुडालेले धंदे सावरायला कित्येकांना वर्षं लागली. ही माहिती यजमानांना ठाऊक असली तरी ती टेबलावर न ठेवता तुम्ही त्यांना अंधारात निर्णय घ्यायला लावता आहात. क्षमा करायची तर ती मोकळ्या मनानं करा: दीड लाख आम्ही सोडले, असं दोघांनी मिळून दिरांना सांगा. नाहीतर येणं म्हणून मोजा. अर्धवट लोंबकळत ठेवलेली रक्कम जेवणाच्या ताटावर बसते आणि सगळ्यांचा घास कडू करते.

पतीच्या अधीन असण्याचा प्रश्न. इफिसकरांस पत्रात ते वचन ज्या वाक्यातून निघतं तिथे आधी ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन राहा असं आहे. आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना सांगतो की बायकोबरोबर समजुतीनं राहा, ती जीवनाच्या कृपादानाची तुमच्याबरोबर वारस आहे, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. किती थेट आहे पाहा. बायकोचं ऐकलं नाही तर नवऱ्याचीच प्रार्थना अडते. त्या अर्थानं तुम्ही तुमचं म्हणणं नीट सांगणं हे यजमानांच्या प्रार्थनेला केलेलं साहाय्य आहे. न पटता, घाबरून केलेली सही म्हणजे अधीनता असं मी कधीच म्हणणार नाही. (ज्या भगिनींकडे सही धाकदपटशानं किंवा हात उगारून मागितली जाते त्यांनी हे उत्तर स्वतःला लावू नये. तिथे आधी विश्वासातल्या माणसाला सांगून सुरक्षित व्हायचं, पारख नंतर.)

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत या बाबतीत एक जुनं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची खात्री पटली होती, त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, नव्हती, आणि तो घाव लक्ष्मीबाईंना किती खोल गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांची खात्री लक्ष्मीबाईंची झाली नाही. त्यांनी स्वतः विचार केला, स्वतः वाद घातले, आणि स्वतःला पटलं तेव्हाच त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे त्या ज्या भक्कमपणे उभ्या राहिल्या तो भक्कमपणा उसना नव्हता. विश्वासाच्या बाबतीत माणसानं एकट्यानं पुढे जावं लागतं असा प्रसंग येतो, टिळकांवर तो आला. घर गहाण टाकण्याचा प्रसंग त्या जातीचा नाही. इथे थांबता येतं.

म्हणून माझं मत विचाराल तर, आज ज्या रूपात तो कागद आहे त्या रूपात सही करू नका, आणि ‘नाही’ असंही लगेच कळवू नका. बँकेकडे तीन आठवडे मागा. रात्री दोनला काहीही ठरवू नका. कॅथलिक संत लोयोलाचा इग्नेशियस, १५२१ मध्ये लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळला असताना ज्याला मनातल्या हालचाली ओळखायचा छंद लागला, त्यानं पुढे नियमच घालून दिला की मन काळवंडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. आपण प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाढलो, तरी हा नियम घ्यायला हरकत नाही. त्याचीच आणखी एक युक्ती आहे: तुम्ही कधी न पाहिलेलं कुणी अगदी हाच पेच घेऊन आलं असतं आणि तुम्हाला त्याचं भलंच हवं असतं, तर काय सांगितलं असतंत? दोघांनी हे वेगवेगळं लिहा, मग अदलाबदल करून वाचा.

एखाद्या रविवारी, उपासनेनंतर जेवणं झाली की, मुलं घरात नसताना बसा. आधी तुम्ही यजमानांचं म्हणणं मांडा, ते ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणेपर्यंत. मग त्यांनी तुमचं मांडावं. पुढचा एक आठवडा ते ‘सही करायची नाही’ असं ठरल्याचं धरून प्रार्थना करतील आणि तुम्ही ‘करायची’ असं ठरल्याचं धरून. आत काय होतं ते रोज दोन ओळींत लिहा. कुणाची भीती वर येते, कुणाचा अभिमान, कुणाला रडू येतं, हे त्यात दिसेल. मग मंडळीतल्या अशा एका वडिलांना किंवा जोडप्याला बोलवा ज्यांचा या कर्जाशी काही संबंध नाही आणि ज्यांना हिशेब कळतो. तुमचे पाळक दिरांचेही पाळक असतील, तर त्यांना मध्ये घालताना ही अडचण त्यांना आधीच सांगा.

आणि मदतीचे दुसरे रस्ते मोजून पाहा. २०१५ पासून चालू असलेल्या, छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचं, आणि त्यातलं ‘तरुण’ प्रकारचं कर्ज आधी घेऊन फेडलेल्याला २०२४ पासून २० लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. दिरांनी त्यासाठी अर्ज केला आहे का? एकदम २० लाखांच्या ऐवजी आधी भांडी, भट्ट्या आणि गाडी, आणि हॉल दोन वर्षांनी, असं होऊ शकतं का? तुम्ही दोघं मिळून एक रक्कम ठरवू शकता जी परत आली नाही तरी घरात भांडण होणार नाही, आणि ती कर्ज म्हणून न देता देऊन टाकू शकता. माझा कल याकडे आहे. सगळं पाहूनही तुम्हा दोघांना रजिस्ट्री ठेवावी असंच वाटलं, तर ठेवा, पण घर गेलं तरी भावाशी नातं ठेवू, हे एकमेकांना मोठ्यानं म्हणून दाखवल्यावर. ते वाक्य तोंडातून निघत नसेल तर सही करू नका.

एक गोष्ट पत्रात मी शोधत होते आणि ती सापडली नाही. तुमच्या जावेचं काय म्हणणं आहे? २० लाखांचा हप्ता तिच्याही घरातून जाणार, पहाटे चारला उठून केटरिंगच्या पुऱ्या लाटायला बहुधा तीच उभी राहणार. तिला शांती आहे की तीही दोनला जागी असते, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. उत्तर काहीही ठरो, ते फोनवर सांगू नका. दोघं मिळून दिरांच्या घरी जा, आणि निघण्याआधी त्यांना कळवा की वहिनी येतेय, जाऊबाईंनाही घरीच थांबायला सांगा.

तुमची भगिनी